वाईट वागायला बंगळूरला

मिरज स्टेशनवर गाडीत बसले तेव्हा माझ्याकडे एक मोठी पिशवी होती, दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता आणि एक कामगिरी होती. ही कामगिरी माझ्या भावजयीने, अनुजाने, फोनवर दिली होती.

"ताई, तुम्ही चार दिवस या. आणि आलात की जरा वाईट वागा."

"कुणाशी?"

"शर्वरीशी."

शर्वरी म्हणजे माझी भाची. वय वर्षं नऊ. अनुजा आणि माझा धाकटा भाऊ सुहास, दोघंही बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपन्यांत आहेत. शर्वरी चार वर्षांची असताना माझ्याकडे मिरजेला पंधरा दिवसांसाठी म्हणून आली, तेवढ्यात सगळा देश बंद झाला आणि ती दोन वर्षं राहिली. देश उघडला, तोवर आईबापांनी पुण्याहून बंगळूरला बिऱ्हाड हलवलं होतं. मग ते तिला घेऊन गेले. म्हणजे तिचे हात-पाय, दप्तर आणि लोकरीची टोपी घेऊन गेले. बाकीची शर्वरी मिरजेलाच राहिली, असं अनुजाचं म्हणणं. आता पोरीने जाहीर केलं होतं की पुढच्या वर्षी आपण मिरजेच्या शाळेत जाणार आणि आत्याकडे राहणार. तिने बॅगसुद्धा भरून ठेवली होती.

"तिला तुमच्यात फक्त चांगलं दिसतं," अनुजा म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "एकदा खरं काय ते दिसू दे."

नणंदेला आपण होऊन बोलावून वाईट वागण्याची विनंती करणारी भावजय मी तरी दुसरी पाहिली नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. गप्प राहण्याचाच पगार घेते म्हणा ना. तेव्हाही गप्पच राहिले, फक्त "बरं" म्हणाले. आतून काय वाटलं ते आता लिहून टाकते, कारण या प्रवासाबद्दल खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. आतून गुदगुल्या झाल्या.

बेळगावला खिडकीशी कुंदा (दूध आटवून केलेली तिथली मिठाई) विकणारा आला. अनुजाने बजावलं होतं, "खाऊ बिलकुल आणू नका." मी अर्धा किलो घेतला आणि पिशवीतल्या साडीच्या घडीत लपवला. समोरच्या बाकावरच्या बाई बघत होत्या.

"मधुमेह का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. भावजय."

त्यांनी समजून मान हलवली आणि हुबळीपर्यंत माझ्याकडे आदराने बघत राहिल्या.

सकाळी बंगळूरला उतरले तर हवा अशी गार, जणू कुणीतरी शहर रात्रभर माठात ठेवलं होतं. सुहास न्यायला आला होता. शहरातून बाहेर पडेपर्यंत आम्ही तासभर सिग्नलला उभे होतो आणि मग इलेक्ट्रॉनिक सिटीच्या त्या लांबलचक उड्डाणपुलावर चढलो. पुलावरून दोन्ही बाजूंना लोकांच्या गच्च्या दिसतात. एका गच्चीवर आजोबा सूर्याला पाणी देत होते, शेजारच्या गच्चीवर एक मुलगा लॅपटॉपला.

"बघ, लॅपटॉपवर पाणी सांडलं त्याच्या," मी म्हणाले.

"ताई, तू आल्या आल्या बरोबर असलंच बघतेस," सुहास म्हणाला. तो तेवढंच बोलला. सुहासचा स्वभाव असा की घरात आवाज चढला की तो काहीतरी काम काढून बाहेर जातो. मिरजेत असताना पाण्याची मोटर बघायला जायचा. इथे अकराव्या मजल्यावर मोटर नाही, म्हणून कचरा टाकायला जातो. त्यांच्याइतकी स्वच्छ कचरापेटी त्या इमारतीत कुणाची नसेल.

शर्वरी फाटकाशी उभी होती. अनवाणी. धावत आली. मी ठरल्याप्रमाणे तोंड वाकडं केलं.

"चपला कुठायत? पायात काच गेली म्हणजे? आणि हे केस! सुगरणीचं घरटं बरं यापेक्षा!"

माझ्या अंदाजाने ती हिरमुसायला हवी होती. तिचा चेहरा दिवा लागावा तसा उजळला. "आत्या आली!" ती वॉचमनला ओरडून म्हणाली, "अण्णा, नम्म अत्ते बंद्रु!" (आमची आत्या आली.) आणि लिफ्टमध्ये तिने माझी पिशवी हुंगली.

"कुंदा आहे."

"नाही."

"आहे."

"असला तरी तुला नाही."

ती खदखदून हसली. अनुजा दारातच उभी होती. तिने माझ्याकडे पाहून हळूच अंगठा वर केला. तिला वाटलं, सुरुवात बरी झाली.

त्या घरात पहिल्या दिवशी मला जे दिसलं ते असं. तिथे शर्वरीला कुणी काही सांगत नसे. सगळं विचारत. "शर्वरी, तुला आता आंघोळ करायला आवडेल, की पाच मिनिटांनी?" "दूध निळ्या कपात घेऊ या, की पिवळ्या?" "आज भेंडीला एक संधी देऊन बघावीशी वाटते का?" भेंडीला संधी! आमच्याकडे भेंडी ताटात यायची आणि पोटात जायची, तिची मुलाखत कुणी घेत नसे. संध्याकाळी शर्वरी कपाळाला आठ्या घालून उभी होती, तर अनुजा तिच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि फार मऊ आवाजात म्हणाली, "तुला राग आलाय. मला समजतोय तुझा राग."

"राग नाही आला आई. शी लागलीये. बाबा आत आहे."

अनुजा वाईट आई नाही हो. उलट मी इतकं जीव तोडून आईपण करणारं माणूस पाहिलं नाही. ती त्यासाठी पुस्तकं वाचते, ऑफिसातून सुट्टी घेऊन त्याचे वर्ग करते. पोरीला दोन वर्षं लांब ठेवलं ही बोच तिला आहे. त्यामुळे काचेचं भांडं उचलावं तशी ती लेकीशी बोलते.

आणि मी? मी शनिवारी सकाळी सहाला पांघरूण ओढलं. "ऊठ! चादरीची घडी घाल. ही घडी आहे? बोळा आहे हा. पुन्हा घाल." शर्वरीने पुन्हा घातली. गाणं गुणगुणत घातली. नाश्त्याला आम्ही दर्शिनीत (उभ्याने खायचं हॉटेल) गेलो. तिथे खारा बात म्हणजे तिखट उपमा आणि केसरी बात म्हणजे शिरा, दोन्ही एकाच ताटलीत शेजारी शेजारी वाढतात, त्याला चौचौ बात म्हणतात. तिने आधी शिऱ्यात चमचा घातला. मी ताटली फिरवली.

"आधी तिखट. गोड नंतर."

"ताई," अनुजा कानाशी कुजबुजली, "छान चाललंय. अजून थोडं कडक होता येईल?"

"बघते," मी म्हणाले.

तिला दिसत नव्हतं ते मला स्वच्छ दिसत होतं. मी जितकी खेकसत होते, तितकी पोर मला चिकटत होती. दुपारी आम्ही दोघी रिक्षाने भाजीला गेलो. रिक्षावाल्याशी तिनेच कानडीत हुज्जत घातली, त्याला "स्वल्प कमी करा अण्णा" असं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं ऐकवलं आणि मग माझ्या मांडीवर पाय टाकून म्हणाली, "आत्या, तू मला रागावतेस ना, तेव्हा बरं वाटतं."

"का गं?"

"इथे कुणी रागावत नाही. पाहुण्यांना कुठे रागावतात?"

हे वाक्य मी तेव्हाच घरी जाऊन अनुजाला सांगायला हवं होतं. भाजी ठेवायच्या आधी, हातपाय धुवायच्या आधी. मी काय केलं? "पाय खाली घे, साडी मळते," असं म्हणाले, म्हणजे तिला हवं तेच तिला दिलं. आणि घरी जाऊन पडवळ चिरत बसले. संध्याकाळी अनुजाने विचारलं, "काही फरक वाटतो?" मी म्हणाले, "वेळ लागेल." मी मुद्दाम वाईट वागत होते आणि त्यामुळे जिंकत होते, आणि भावजय मला वर धन्यवाद देत होती. असली मजा मला आयुष्यात फार मिळालेली नाही. रात्री अंथरुणावर पडले तेव्हा तीच मजा घशाशी आली, पण सकाळी उठून मी पुन्हा चादरीची घडी तपासली.

रविवारी बनशंकरीच्या देवळात जायचं ठरलं. नव्या पिवळ्या मेट्रोने गेलो, मध्ये एकदा गाडी बदलली. त्या देवीचा प्रकार मला अगदी नवा होता. आपण राहुकाळात नवं काही सुरू करत नाही, घड्याळ बघून थांबतो. इथे बायका राहुकाळाचीच वाट बघतात आणि तेवढ्या वेळात देवीपुढे लिंबाचे दिवे लावतात. लिंबू आडवं कापायचं, रस पिळून काढायचा, मग साल आतून बाहेर उलटी करायची. तिची वाटी होते. त्यात तूप, त्यात वात. अंगणात असे शेकडो पिवळे दिवे ओळीने जळत होते आणि तुपाचा आणि लिंबाच्या सालीचा असा काही वास सुटला होता, की भूक लागावी की हात जोडावेत ते कळेना. माझ्याकडून पहिल्या दोन साली फाटल्या.

"अंगठ्यानं नको अक्का, तळव्यानं दाब," शेजारून मराठी आलं. नाकात दोन्ही बाजूंना चमकी घातलेल्या एक आजी फतकल मारून बसल्या होत्या. "तुमी मराठी काय? ऊरु कंचं?" (गाव कुठलं?)

"मिरज. आणि तुम्ही?"

"आमी इथलेच. पेटेत (जुन्या बाजारात) कापडाचं दुकान होतं सासऱ्यांच्या वडलांचं. ही कोण, लेक?"

"भावजय," मी अनुजाकडे बोट दाखवलं.

"आणि ती तिकडं फटाके उडवते ती?"

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. शर्वरीने परकर-पोलकं घातलं होतं, वेण्यांना लाल रिबिनी होत्या. ती दिव्यांच्या ओळीवर ओणवी झाली होती. हातात पिळलेल्या लिंबाच्या साली. साल ज्योतीजवळ धरून चिमटीत दाबली की तिच्यातलं तेल उडतं आणि ज्योत तडतड ठिणग्या टाकते. तिच्याभोवती सातआठ पोरं जमली होती. दर ठिणगीला "ओऽऽ" होत होतं.

अनुजा चटकन तिच्यापाशी गेली. मीही मागोमाग. अनुजा गुडघ्यावर बसली. "शर्वरी, छान आहे हा प्रयोग. पण आपण हे आता थांबवू या, की जरा लांब उभं राहून..."

शर्वरीने आईकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू, डोळे लकाकलेले. ती माझी वाट बघत होती. मी ओरडेन, ती साल टाकेल, माझ्या कुशीत शिरेल, आणि अनुजा पुन्हा एकदा गुडघ्यांवरची धूळ झटकत उठेल. माझ्या तोंडात शब्द तयार होते. मी ते गिळले.

"अनुजा," मी म्हणाले, "तू ओरड."

"अं?"

"ओरड तिच्यावर. मी ओरडते म्हणून ती खूश आहे. मी तीन दिवस बघतेय आणि तुला सांगत नाहीये. तिला वाटतं, इथे ती पाहुणी आहे."

 अशा वेळी माणसाला काय वाटत असेल ते अनुजाच्या तोंडावर एकापाठोपाठ एक दिसलं, आणि त्यातलं काहीही माझ्या बाजूचं नव्हतं.

"मला येत नाही ओरडता," ती शेवटी म्हणाली.

"ऑफिसात ओरडतेस ना?"

"तिथे मी म्यूटवर ओरडते."

"ओरड गे," आजी आपल्या जागेवरून म्हणाल्या. "देवी काय मनाला लावून घेत नाही. स्वल्प जोरात ओरड."

तेवढ्यात शर्वरीने, आमचं लक्ष नाही असं बघून, दोन साली एकदम दाबल्या. ज्योत उसळली आणि पुढे लोंबणाऱ्या रिबिनीचं टोक चर्र झालं.

मग जे झालं त्याला तोड नाही. अनुजाने एका हाताने तिला मागे खेचलं, दुसऱ्या हाताने रिबीन मुठीत धरून चुरगाळली, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की देवळातली घंटा वाजवणारा गृहस्थ थांबला.

"कार्टे! अक्कल आहे का? केस पेटले असते! चेहरा भाजला असता! काय समजतेस तू स्वतःला? लांब हो म्हटलं की लांब व्हायचं! आणि परवाची भेंडी सोफ्यामागे कुणी टाकली? मला माहीत नाही वाटतं? पहिल्या दिवसापासून माहीत आहे! वास येतोय घरभर!"

"मग बोलली का नाहीस?" शर्वरीही किंचाळली.

"तू निघून जाशील म्हणून!"



"आत्या तर रोज ओरडते!" शर्वरी हुंदके देत म्हणाली. "तरी मी तिच्याकडे जातेच ना! तुला एवढंपण कळत नाही!"

आणि भोकाड पसरलं. मी हात पुढे केला तर तो तिने झटकला. मग रागारागाने आईच्याच ओढणीला नाक पुसलं, एकदा नाही, चांगलं तीनदा, आणि तोंड त्याच ओढणीत खुपसून रडत राहिली.  अनुजा अजूनही "मूर्ख, मूर्ख कुठली" असं म्हणत होती आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"सरी," (झालं, ठीक) आजी म्हणाल्या आणि पुढचं लिंबू उलटं करायला लागल्या.

सुहास चपला सांभाळायला म्हणून बाहेरच उभा होता.

मला बरं वाटलं, असं इथे लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण माझा झटकलेला हात माझ्याजवळ होता आणि तो कुठे ठेवावा ते मला कळत नव्हतं. मी आणखी एक साल फाडली.

 रात्रीचं जेवण होईपर्यंत मायलेकींचा अबोला होता. अबोला म्हणजे, "तिला सांग मीठ दे," "तिला सांग हात लांब कर," असा. मी वाडग्यात कुंदा काढला तर दोघींनी एकदम हात घातला आणि पुन्हा एकमेकींकडे पाठ केली.

भांडी आवरताना मी अनुजाला म्हटलं, "आणखी एक सांगायचंय. परतीची मी दोन तिकिटं काढलीयेत. एक शर्वरीचं. मिरजेहून निघायच्या आधीच काढली होती."

नळ चालू होता. तिने तो बंद केला नाही.

"म्हणजे तुम्ही न्यायलाच आला होतात."

"हो. तू वाईट वागा म्हणालीस आणि मी निघायच्या आधीच वागले होते."

ती बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "काल रात्री मी तुमच्यासाठी गाडी शोधत होते. आजच्या पहाटेची. चादरीच्या घड्या बघून डोकं फिरलं होतं."

"मिळाली नाही?"

"वेटिंग होतं."

आम्ही दोघी हसलो. लगेच नाही, थोड्या वेळाने. पण हसलो. हसता हसता ती म्हणाली, "ताई, मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका हं." मी म्हणाले, नाही समजत. घरात आवाज नव्हता, तरी सुहास कचरा टाकून आला.

सोमवारी तिघंही मला सोडायला स्टेशनवर आले. अनुजाने तिकिटांची गोष्ट शर्वरीपुढे स्वतःच काढली. "आत्याने तुझंही तिकीट काढलंय. जायचं असेल तर जा." हे बोलताना ती कुठल्यातरी खांबाकडे बघत होती. मीही दुसऱ्या खांबाकडे बघत होते. त्या पोरीच्या तोंडून काय निघतं, यावर आम्ही दोघी टांगलेल्या.

शर्वरीने विचार केला. बंगळूरच्या पोरांना विचार करायला वेळ लागतो, त्यांना पर्यायांची सवय असते.

"आत्ता नको," ती म्हणाली. "आईला अजून नीट ओरडता येत नाही. ती मध्येच थांबते आणि सॉरी म्हणते. सुट्टीत येईन."

"मी सॉरी म्हणाले नाही," अनुजा म्हणाली.

"सकाळी म्हणालीस. दूध सांडलं तेव्हा."

"ते तुझ्या पायावर सांडलं म्हणून."

"तेच! आत्या म्हणाली असती, पाय मध्ये का घातलास."

"शर्वरी, आत्याची पिशवी खाली ठेव, जड आहे."

"नाही जड."

"ठेव म्हणते ना!"

"थांब ना जरा!"

मी पिशवी घेऊन डब्यात चढले. खिडकीशी बसले, गाडी हलली. मी हात हलवत राहिले. दोघींची तोंडं एकमेकींकडे, हातवारे चाललेले, कुणाचंच माझ्याकडे लक्ष नाही. एकटा सुहास मनापासून हात हलवत होता, तोही शेजारच्या डब्याला.

तिकीट तपासनीस आला. "दुसरं माणूस?"

"तिला काम निघालं."

रिकाम्या बाकावर मी पाय पसरले. तुमकूर गेलं तेव्हा रडून घेतलं. अरसीकेरीला चहा घेतला. मला मूल नाही, हे मी कधी कुणापुढे बोलत नाही आणि लोकही विचारायचे थांबलेत. पण दोन वर्षं माझ्या घरात एक होतं, आणि ते परत मिळवायला मी चांगुलपणाचाच काय, वाईटपणाचाही उपयोग करून पाहिला, एवढं एकदा लिहून ठेवते. हे वाचणारे मिरजेचे लोक काय म्हणायचं ते म्हणोत. प्रवासाला गेलेल्या माणसाने तिकडचं काहीतरी सांगायचं असतं. मी तिकडे पाहिलेलं हे आहे.

सकाळी मिरजेत घराच्या दाराशीच शेजारच्या कुलकर्णीबाई भेटल्या. मी निघताना त्यांना सांगून गेले होते की भाची येतेय कायमची, त्यांच्या नातीची जुनी सायकल विकू नका.

"एकट्याच?" त्यांनी माझ्या मागे वाकून पाहिलं. "पोरीला आणणार होता ना?"

"नाही जमलं."

"का? आईने सोडलं नाही?"

"सोडलं हो," मी कुलूप काढत म्हणाले. "पण दोघींचं भांडण चाललंय. मध्येच उठवून कशी आणणार?"